निरंक जिल्ह्यातली दरड

सोलापुरात दरड कोसळू शकते, असं मी साहेबांच्या केबिनमध्ये म्हटलं तेव्हा साहेब इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. "मॅडम, दरड कोसळायला आधी डोंगर लागतो," ते म्हणाले. शेजारचे दोघे कनिष्ठ अभियंतेही हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं शिक्षण त्यांना नोकरीत लागल्या लागल्या मिळालेलं असतं.

झालं होतं असं, की तिकडं घाटात कुठल्याशा वाडीवर डोंगर आला, माणसं गाडली गेली, आणि वरून हुकूम सुटला. प्रत्येक जिल्ह्यानं दरडीच्या धोक्याचा नकाशा करायचा. लाल रंग म्हणजे इथं बांधू नका, पिवळा म्हणजे जपून बांधा, हिरवा म्हणजे खुशाल बांधा. त्यासाठी साहेबांच्या हाताखाली समिती नेमली, तिच्यात भूगर्भशास्त्राचं एक माणूस पाहिजे असा नियम होता, म्हणून कॉलेजातून मला बोलावलं. नकाशा करायला नव्हे हं, सही करायला. मजकूर तयारच होता: सोलापूर जिल्हा, निरंक.

निरंक हा सरकारी माणसाचा लाडका शब्द. काही नाही, काही घडलं नाही, काही घडणार नाही, आम्हाला काही विचारू नका, हे सगळं त्या तीन अक्षरांत बसतं. जिल्ह्यात डोंगर निरंक, म्हणून दरडी निरंक, म्हणून काम निरंक. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, डोंगर नसेल, पण खड्डे आहेत ना. कडा जमिनीच्या वर उभा असला काय आणि खाली खणलेला असला काय, दोन्ही सारखंच."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नात पंगतीला बसून कुणी मीठ मागावं. "करा मग तुम्हीच," म्हणाले.

केलं. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायची, डोक्याला ओढणी बांधायची आणि शहराच्या कडेच्या जुन्या दगडखाणी शोधायच्या. सोलापूरला खाणींची काय कमी? एकेकाळी त्या गावाबाहेर होत्या. मग गाव वाढत वाढत खाणीपर्यंत गेलं, आणि गाव खाणीपर्यंत गेलं की खाणीला भाव येतो. पाडलेल्या घरांच्या विटा, चिंध्या, राख, प्लॅस्टिक, मेलेली कुत्री, जे मिळेल ते त्यात ओतायचं. वर थोडा मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, झाले प्लॉट! खाण अर्धीच भरली गेली तर उरलेल्या अर्ध्यात हिरवं पाणी साचतं. मग जाहिरातीत त्याला तळं म्हणायचं आणि कडेच्या प्लॉटला 'लेक व्ह्यू'. हे असले लोक स्वतःच्या आईलाही कडेचाच प्लॉट विकतील आणि वर म्हणतील, आई, तुझ्यासाठी खास ठेवला होता.

अशा एका अर्धवट भरलेल्या खाणीच्या कडेनं मी लाल पट्टा ओढला. एकच गल्ली होती ती, घरांची एक ओळ, मागं सरळ तुटलेला कडा आणि खाली पाणी. त्या ओळीत अगदी टोकाला माझ्या सख्ख्या बहिणीचं घर होतं.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आम्ही जेऊरच्या. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. तिचं शिक्षण चौथीत सुटलं आणि माझं सुटू नये म्हणून ती मला रोज स्टेशनवर सोडायला यायची, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहायची. पुढं तिचं लग्न झालं, दाजी अकलूजकडं एका साखर कारखान्याच्या ऑफिसात होते, सगळा जन्म कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेला. निवृत्त झाल्यावर दाजींना स्वतःचं घर पाहिजे झालं, आणि तेही सोलापुरात, मुलीच्या जवळ. घ्यायचं तर घ्या, पण धाकट्या मेव्हणीनं दगड-माती शिकवण्यात उभा जन्म घालवला, तिला एका शब्दानं विचारावं की नाही? विचारलं त्यांनी, पण वास्तुवाल्याला.

हा वास्तुवाला आधी विमे विकत फिरायचा. मग त्याला कळलं की माणूस मेल्यावरच्या भीतीपेक्षा जिवंतपणीची भीती जास्त खपते. त्यानं प्लॉटवर उभं राहून होकायंत्र काढलं. खाण नेमकी ईशान्येला. त्याचे डोळेच भरून आले म्हणे. दाजींना म्हणाला, ईशान्येला उतार, ईशान्येला पाणी, असा प्लॉट नशिबानं मिळतो. देवघर ईशान्येला घ्या आणि पाण्याचा हौदही ईशान्येलाच. दाजींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांची छाती फुगलेली होती.

"दाजी, ईशान्येला उतार म्हणजे ईशान्येला घसरण," मी म्हटलं.

"मॅडम, तुमचं पुस्तक परदेशातलं," दाजी म्हणाले. मला ते चिडवायला कायम मॅडम म्हणतात. "वास्तू आपल्या मातीतली हाय."

"मातीतली नाही हो, राडारोड्यातली! तुमच्या खाली माती आहे कुठं?"

अक्का मध्ये पडली. "आता जेवा की दोघं. घर बांधून झालंय, पाडायचं हाय का?"

हौद त्यांनी केवढा बांधला! अकलूजला कॅनॉलच्या पाण्यात जन्म काढलेला माणूस, त्याला सोलापुरात आल्यावर कळलं की इथं नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही आलं तर. दाजींनी त्याची अशी धास्ती घेतली की घरातल्या सगळ्या खोल्यांपेक्षा हौद मोठा झाला. वर फरशी, तिला लोखंडी झाकण, आणि त्याला लागूनच देवघराची भिंत. एकट्या दाजींचं नव्हे, त्या ओळीत प्रत्येक घराला ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणजे कड्याच्या तोंडावर, असाच हौद होता. सगळ्यांचा वास्तुवाला एकच.

वर्षाच्या आत देवघराच्या भिंतीला तडा गेला. छतापासून खाली, तिरका. दाजींनी पांढरं सिमेंट भरून वरून रंग मारला. महिन्याभरात पुन्हा तडा, पुन्हा सिमेंट. "नवीन घर हाय, बसतंय जरा," ते म्हणायचे. बसतंय म्हणे! म्हैस आहे का ती?

मग मी तिथं काचपट्टी लावली. आम्हा भूगर्भवाल्यांची ही जुनी रीत. तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं दोन बाजूंना प्लास्टरनं चिकटवायची आणि काचेवर तारीख लिहायची. भिंत केसाएवढी जरी सरकली तरी काच तडकते. भिंतीवर रंग मारता येतो, काचेला खोटं बोलता येत नाही. मी अक्काला नीट सांगितलं, "याला हात लावायचा नाही. मी महिन्यातून एकदा येऊन बघीन." अक्कानं मान डोलावली. उरलेल्या प्लास्टरची पिशवी मी तिथंच ठेवली.

शेजारच्या घरातल्या बाई हे सगळं कंपाउंडवरून बघत होत्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, पूर्वी त्यांच्याकडं चादरीचे माग होते, आता मुलगा एकटाच कमावतो. "ये क्या लगाया, मॅडम?" त्यांनी विचारलं. त्या माझ्याशी दखनीत बोलायच्या आणि अक्काशी मराठीत. मी सांगितलं. त्या अक्काकडं वळून म्हणाल्या, "फुटली तर अपशकुन होईल की." मी हसले. आता आठवलं की वाटतं, ते वाक्य तेव्हा नीट ऐकायला पाहिजे होतं.

दर महिन्याला मी जायचे. काच शाबूत. तारीख जागच्या जागी, माझ्याच अक्षरात. पावसाळ्यात गेले, तेव्हाही शाबूत. अक्का चहा करायची, दाजी खुर्चीत मागं रेलून विचारायचे, "काय म्हणतीय तुमची काच?" एवढा माझा जळफळाट कधी झाला नव्हता. भूगर्भशास्त्र एका बाजूला, कडा एका बाजूला, राडारोडा एका बाजूला, आणि ही बोटभर काच मात्र वास्तुवाल्याच्या बाजूनं उभी!

हीच काच साहेबांनी माझ्यावर उलटवली. त्या गल्लीतली मंडळी साहेबांकडं जाऊन आली होती. लाल पट्ट्यात घर म्हणजे उद्या विकायचं म्हटलं तर कोण घेणार, मुलाला मुलगी कोण देणार? शेजारच्या बाईही त्यात होत्या, मुलाचं लग्न जमत आलं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमच्याच बहिणीच्या घराला काच आहे ना? काय स्थिती?"

"शाबूत आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे हालचाल निरंक," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांनी स्वतः खाली वाकून कडा धरून ठेवला होता. माझा लाल पट्टा पिवळा झाला. पिवळा म्हणजे जपून बांधा. कुणी जपून बांधलंय आजपर्यंत? ओळीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर दुसऱ्याच आठवड्यात नवा हौद खोदायला घेतला. ईशान्येलाच.

मी भांडले. कडा बघा, भराव बघा, काच एकाच घराची आहे, असं सगळं म्हणून झालं. "पुरावा द्या, मॅडम," साहेब म्हणाले. "आणि दरडीला पाऊस लागतो. सोलापुरात पाऊस पडतो कुठं?" त्यावर समितीतले सगळे पुन्हा हसले, आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाला माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

उत्तर मला एका सकाळी मिळालं. कॉलेजात कसलीशी अचानक सुट्टी जाहीर झाली. स्कूटर बाहेर काढलेलीच होती, म्हटलं अक्काकडं जाऊन यावं. माझा नेहमीचा दिवस तो नव्हता. गल्लीत शिरले तर नळ आलेला. सोलापूरकराला सांगायला नको, नळाच्या दिवशी गल्लीचं काय होतं ते. दारोदार पाइप, सगळ्या मोटरी एकदम सुरू, बायका नऊवारी-गाऊन खोचून पायऱ्या धुतायत, पुरुष हौदात वाकून बघतायत. त्या दिवशी कुणी कुणाशी धड बोलत नाही. घरात मयत झालं तरी सोलापूरचा माणूस आधी पिंप भरेल आणि मग रडेल.

दाजी पुढच्या दारी नळापाशी पाइप धरून उभे होते. मला बघून नुसती मान हलवली. मी आत गेले आणि देवघराच्या दारातच थबकले.

अक्का स्टुलावर चढली होती. एका हातात वाटीत कालवलेलं प्लास्टर, दुसऱ्या हातात काचेची नवी कोरी पट्टी. खाली वर्तमानपत्रावर माझी काचपट्टी पडलेली, दोन तुकडे होऊन.

चोर पकडला जावा तशी अक्का दचकली. "अगं बाई! आज कशी काय आलीस? तू तर पुढल्या आठवड्यात येणार होतीस न्हवं?"

"अक्का, काय करतेस?"

"काय न्हाय गं. फुटली हुती. बदलतीय."

मला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बदलतेस? याआधी कधी बदललीस?"

"मग? फुटकी काच घरात ठेवत्यात व्हय? ती बी देवघरात?" अक्का खाली उतरली. "देवाच्या तसबिरी करतो न्हवं त्यो चौकातला, त्याच्याकडनं कापून आणते मी मापाच्या. वर तुझीच तारीख घालते, तुझ्यासारखी. तू महिनाभर वाट बघून एवढ्या लांबून येणार, आणि बघणार तर काच फुटलेली. तुला वाटलं असतं, अक्कानं एवढीशी वस्तू सांभाळली न्हाय. आणि दाजी हसले असते तुला, ते वेगळंच."

तिनं ती तारीख माझ्या अक्षरात लिहिली होती. रांगोळीचा हात तो, एकदा बघितलं की हुबेहूब उतरवायचा. त्या क्षणी मला तिचा राग आला, आणि तेवढंच भरूनही आलं. साहेबाला मी मूर्ख म्हणत होते, वास्तुवाल्याला भामटा म्हणत होते, दाजींना हट्टी म्हणत होते. आणि इथं माझी अक्का, माझी लाज राखायला, दर खेपेला माझ्यासाठी खोटी काच लावत होती.

"अक्का, कधी कधी फुटते ही? पाऊस पडल्यावर?"

"छ्या! पावसात कशाची फुटतीय. नळाच्या दिवशी फुटते. हौद भरत आला की टक् करून आवाज येतो. आज तर लईच लवकर आला."

समितीनं पावसाचे आकडे मागवले होते, जमा करून त्याचे तक्ते केले होते, चहा पीत पीत त्यावर चर्चा केली होती. सोलापुरात पाऊस नळानं येतो, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. गल्लीतले सगळे हौद एकाच तासात भरतात. भराव खचतोय म्हणजे हौदांना तडे गेलेले आहेत, आणि सगळं पाणी खाली चिंध्या-विटांत मुरतंय, दर चार-पाच दिवसांनी, न चुकता, कड्याच्या तोंडाशी. आणि आज हौद भरायच्या आधीच काच गेली होती. बाहेर मोटर चालू होती, पायाखालच्या फरशीतून तिची घरघर येत होती.

"चल," मी तिचा दंड धरला. "चप्पल घाल. बाहेर हो."

"अगं पण गॅसवर भात हाय."

"जळू दे भात!"

"देव तरी घेते."

"अक्का!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती घाबरली. मी तिच्याशी आयुष्यात अशी बोलले नव्हते. तिनं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्या मागून निघाली. लहानपणी मी तिच्या मागून स्टेशनवर जायचे, तशी.

पुढच्या दारात दाजी. "मोटर बंद करा आणि बाहेर पडा, दाजी. आत्ता. कडा सुटतोय."

"झालं का तुमचं सुरू?" दाजी म्हणाले. "अर्धा हौद मोकळा हाय अजून. आज सोडलं तर परत कधी येतंय पाणी, नळवाल्याला तरी माहीत हाय का? हौद भरल्याशिवाय मी हलत न्हाय."

"काच फुटलीय, दाजी. दर वेळी फुटत होती. अक्का बदलत होती."

त्यांनी अक्काकडं पाहिलं. अक्कानं मान खाली घातली. तरी दाजींच्या हातातून पाइप सुटेना. मी अक्काला गेटच्या बाहेर रस्त्यापलीकडं नेऊन उभी केली आणि परत वळले, त्यांना ओढून आणायला.

आवाज मोठा नव्हता. शेंगांचं पोतं फरशीवर ओतावं, तसा. घराच्या मागचा कोपरा, देवघर, हौद, त्यावरचं झाकण, मागचं कंपाउंड, सगळं खाली बसलं आणि मग दिसेनासं झालं. खालून पाण्याचा धप्प आवाज आला आणि धूळ उठली. पुढचं दार, व्हरांडा, दाजी, नळ, एवढं जागेवर राहिलं. दाजींच्या हातातल्या पाइपचं दुसरं टोक आता हवेत लोंबत होतं आणि त्यातून पाणी खाणीत पडत होतं.

दाजी पहिलं वाक्य बोलले ते असं: "नळ बंद करा कुणीतरी."

मला हसू आलं आणि मग मी रस्त्यावरच बसले. अक्का माझ्याजवळ येऊन बसली. तिनं स्वतःच्या घराकडं पाहिलं नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं घडलं. वास्तुवाला आला आणि डोळे मिटून म्हणाला, देवांनी संकट स्वतःवर घेतलं, माणसं वाचवली, वास्तू जागृत होती. लोकांनी त्याला नमस्कार केला. साहेब आले, रुमाल नाकाला लावून कड्यापासून चांगलं लांब उभं राहून फोटो काढून घेतले आणि म्हणाले, "स्थानिक स्वरूपाची घटना आहे." दरड हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मी म्हटलं, पट्टा लाल करा. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच अहवालात काच शाबूत होती. आता मी वर काय सांगू?"

मुलीचं घर लहान, म्हणून अक्का आणि दाजी तेव्हा माझ्याकडं राहायला आले होते. मी हे संध्याकाळी चिडून सांगत होते, भाकरी थापता थापता अक्का ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्कूटरवर मागं बसून साहेबांच्या ऑफिसात आली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या केबिनमध्ये शिरली असेल. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, काच फुटत हुती," ती म्हणाली. "दर नळाला फुटत हुती. मी बदलत हुते. माझ्या बहिणीला ठावं न्हवतं. चूक माझी हाय, तिची न्हाय. आता लाल करा."

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही असं करायला नको होतं."

"नको हुतं," अक्का म्हणाली. "पण मी अडाणी हाय. तुमी तर शिकलेले हाय न्हवं? तुमी एकदा तरी येऊन खाली वाकून बघायचं हुतं की."

अभियंते या वेळी हसले नाहीत. साहेबांनी नकाशा पुढं ओढला. पट्टा लाल झाला.

त्यानंतर त्या गल्लीत अक्काचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. स्वतःचं घर गेलं, आता आमची पण घालवतीय, म्हणायचे. नोटिसा लागल्या, पण नोटीस लावली म्हणून राहायला दुसरं घर कुठून येणार? लोक तिथंच राहिले. शेजारच्या बाईंच्या मुलाचं लग्न मोडलं. त्या अक्काशी बोलेनाशा झाल्या.

अक्कानं ते अंगाला लावून घेतलं नाही. एका दुपारी ती तसबिरीवाल्याकडून पट्ट्या कापून घेऊन आली आणि मला म्हणाली, "चल, लावून येऊ." आम्ही त्या ओळीत दारोदार गेलो. काहींनी दार लावून घेतलं. काहींनी लावू दिली, लिंबू-मिरचीच्या शेजारी आणखी एक तोडगा म्हणून, माझ्या शास्त्राची किंमत तेवढीच. मी प्लास्टर लावायचे, आणि अक्का घरातल्या बाईचा हात धरून सांगायची, "फुटली तर फेकायची न्हाय. देवाजवळ हाय म्हणून बदलायची न्हाय. फुटलेली तशीच राहू द्यायची." शेजारच्या बाई दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत, पण नाही पण म्हणाल्या नाहीत. अक्का आत गेली आणि त्यांच्या देवघराच्या भिंतीवर पट्टी लावून आली.

परवा सकाळी, आम्ही चहा घेत होतो, अक्काचा फोन वाजला. तिला फोन कानाला नीट लावता येत नाही, हातात समोर धरून स्पीकरवरच बोलते. शेजारच्या बाईंचा आवाज होता, कापरा. मागं मोटरीची घरघर आणि पाण्याचा आवाज.

"अक्का, काच फुटली."

"कधी?"

"आत्ता. टक् झालं. नळ चालू आहे, हौद निम्मा पण नाही भरला. मुलगा कामावर गेलाय. पाणी बंद करू का आधी, अक्का? मोटर जळेल. पाइप आत..."

दाजींनी कप खाली ठेवला.

अक्का उठून उभी राहिली होती. फोन तिनं दोन्ही हातांनी धरला होता. "चप्पल घाल," ती म्हणाली. "मोटर जळू दे. गेटच्या भाईर ये नि मला आवाज दे. मी फोन ठेवत न्हाय."

"पण पाणी वाया जातंय हो..."

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "नळ चालू राहू दे, बाई. तू ये."